भीतीचे घर आणि शेजाराचा दरवाजा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी तुम्हाला शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते. ते तुम्हाला पटलेले आहे. पटले नसते तर दिवसभराचा धंदा बुडवून तुम्ही आज येथे आला नसता. म्हणून शिक्षणाचे गोडवे मी गाणार नाही. शिक्षणाच्या आड येणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. तिच्याविषयी आपण घरात, मशिदीच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर सतत बोलतो, परंतु सभेत मात्र बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे भीती.

मुलगी हुशार आहे, दहावीला चांगले गुण आहेत, पण कॉलेज स्टेशनच्या पलीकडे आहे, मग बाप म्हणतो, "जमाना खराब आहे." मुलाला पोलीस भरतीचा अर्ज भरायचा आहे, मग मामा म्हणतो, "आपल्याला कोण घेतो?" सायकल चोरीला गेली तर फिर्याद द्यायची नाही, कारण ठाण्यात गेले की आपल्यालाच चार प्रश्न विचारतील. नगरपालिकेत जन्माचा दाखला काढायचा तर स्वतः खिडकीवर उभे राहायचे नाही, दलालाला पैसे द्यायचे. या चारही गोष्टी वरवर निरनिराळ्या दिसतात, पण त्यांच्या तळाशी एकच वस्तू आहे. शेजारच्या वस्तीवरचा आणि सरकारी कचेरीवरचा आपला विश्वास उडत चालला आहे, आणि विश्वास गेला की त्याची रिकामी जागा भीती भरून काढते.

आता कोणी म्हणेल की ही भीती म्हणजे निव्वळ मनाचे खेळ, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी तसे म्हणणार नाही. ज्याचे घर जळालेले असते त्याला धुराची भीती बाळगू नकोस असे सांगणे हा अडाणीपणा आहे. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगली झाल्या. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्यांची चौकशी केली आणि भिवंडीत तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाने पक्षपात केला, असे स्वच्छ शब्दांत नोंदवले. भिवंडी मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले, त्यात न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू होते. ५ इतर धर्मांचे, आणि ४५ जणांचा धर्म कोणता हेही कळले नाही. जानेवारीतील हिंसाचाराबद्दल आयोगाने शिवसेनेच्या नेत्यांवर ठपका ठेवला, काही पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवले. त्याचबरोबर डिसेंबरात रस्त्यावर उतरलेल्या मुसलमानांच्या जमावांनी काय केले तेही झाकले नाही. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जाळली गेलेली माणसे हिंदू होती. हे आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. केवळ स्वतःच्या जखमा मोजणाऱ्या माणसाला दुसऱ्याची भीती कधीच समजत नाही.

आणि दुसऱ्याचीही भीती असते, बंधूंनो. त्या जानेवारीत मुंबईच्या समुद्रकाठी राहणारे पुष्कळ हिंदू गृहस्थ रात्र रात्र जागून पहारा देत होते, कारण बोटींतून शस्त्रे आणि हल्लेखोर उतरणार आहेत अशी अफवा होती. कोणी उतरले नाही. पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही ही गोष्ट खरीच होती. आपण आपल्या गल्लीत जागत होतो, ते त्यांच्या गच्चीवर जागत होते, आणि दोघेही एकमेकांना घाबरून जागत होते.

मुंबईपासून भिवंडी कितीशी दूर! तरी त्याच डिसेंबर-जानेवारीत भिवंडी शांत राहिली. एकदा नव्हे, दोनदा होरपळलेले हे गाव. यंत्रमागांचा खडखडाट, कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी कारागीर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, मराठी आगरी-कुणबी, गुजराती-मारवाडी व्यापारी, अशी सरमिसळ वस्ती. दंगलीचा दारुगोळा जर कोठे भरलेला असेल तर तो येथेच, असे कोणीही म्हटले असते. ते गाव का पेटले नाही, याचा अभ्यास तुम्ही केलात तर दहा भाषणांपेक्षा अधिक कळेल.

१९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त भिवंडीत आले. त्यांनी १९८४ च्या दंगलीचा बारकाईने अभ्यास केला आणि मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या पूर्वीही होत्या. पण त्या कशा होत्या ते तुम्हाला ठाऊक आहे. दंगल झाली की गावातले पुढारी, दोन्हीकडचे, पोलीस ठाण्यात बोलावायचे, चहा-बिस्किटे द्यायची, छायाचित्र काढायचे, आणि ज्यांनी आग लावली त्यांच्याच हाती पाण्याची बादली द्यायची. खोपडे यांनी हे उलटे केले. त्यांनी पुढाऱ्यांना दूर ठेवले, गुन्हेगारीची नोंद असलेल्यांना दूर ठेवले, आणि मोहल्ल्यातली साधी माणसे घेतली. मागवाला, दुकानदार, शिक्षक, डॉक्टर, कामगार. हिंदूही आणि मुसलमानही. अशा सुमारे ७० समित्या झाल्या. त्या भागाचा पोलीस समितीत बसू लागला.

आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. या समित्यांच्या बैठका दंगलीची वाट पाहत नसत. त्या नियमित होत. त्यांत हिंदू-मुस्लिम ऐक्यावर व्याख्याने होत नसत, तर नळाला पाणी का येत नाही, गटार का तुंबले, अमक्याच्या पोराने तमक्याच्या पोराला का मारले, अशा रोजच्या कटकटींची चर्चा होई. (आपल्याकडे समिती म्हटली की पहिला तासभर अध्यक्ष कोण यावरच जातो, तसे तेथे झाले नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही!) परंतु गटाराच्या निमित्ताने का होईना, माणसे एका सतरंजीवर बसली. त्यांना एकमेकांची नावे कळली. पोलिसाला मोहल्ल्यातली घरे कळली आणि मोहल्ल्याला पोलिसाचे नाव कळले. मग ६ डिसेंबर १९९२ उजाडला तेव्हा "पलीकडे हत्यारे जमवत आहेत" अशी बातमी आली, तर पलीकडे कोणाला विचारायचे हे ठाऊक होते. अफवेचा जीव एवढाच असतो. विचारायला माणूस असला की ती मरते. खोपडे यांनी पुढे यावर मराठीत पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. आपल्या ग्रंथालयात ते असले पाहिजे.

हेच पाहून मुंबईतही दंगलीनंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला समित्यांचे काम सुरू केले. वस्तीतली पोरे आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने भरवले गेले. क्रिकेटने काय होणार, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की, ज्या शिपायाला तुम्ही एकदा त्रिफळाचीत केले आहे, त्याला पुन्हा पूर्वीइतके भिणे कठीण जाते. आणि तोही तुमच्याकडे नुसता संशयित म्हणून पाहू शकत नाही.

प्राध्यापक आशुतोष वार्ष्णेय यांनी देशातल्या काही शहरांच्या जोड्या घेऊन असाच अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळातील कालिकत आणि उत्तर प्रदेशातील अलिगढ ही त्यांतली एक जोडी. मुसलमानांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे. पण अलिगढला दंगली होतात, कालिकतला होत नाहीत. कालिकतमध्ये सुमारे ९० टक्के कुटुंबांनी सांगितले की आमची मुले दुसऱ्या धर्माच्या मुलांबरोबर खेळतात. अलिगढमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होते. पण निव्वळ शेजारी राहणे, ईद-दिवाळीला शिरखुर्मा-करंजी पाठवणे, एवढ्याने मोठ्या शहरात भागत नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे. व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये, क्रीडा मंडळे यांत दोन्ही समाज एकत्र काम करीत असले, म्हणजे संकटाच्या दिवशी ती संघटना बांधासारखी उभी राहते. मला हे पूर्ण पटते. आपण शिरखुर्मा पाठवण्यात कमी पडत नाही. पण व्यापारी मंडळाच्या निवडणुकीत, ग्राहक पंचायतीत, गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आपण किती जण बसतो? तुमचे तुम्हीच मोजा.

भीतीने जमाव कसा होतो आणि तो कसा मोडतो, याचे एक उदाहरण सांगतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असा निरोप मोबाईलवरून गावोगाव पसरलेला. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे उतरले. भिक्षा मागणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. लोकांना संशय आला. त्यांना पकडून ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि ठेचून मारले. पाचही जण मेले. तेथे हिंदू-मुस्लिम असा प्रश्नच नव्हता. केवळ भीती होती.

त्याच दिवशी मालेगावात काय झाले? तेथेही मुले पळवणारे समजून परभणी जिल्ह्याकडच्या एका गरीब कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्याबरोबर दोन वर्षांचे मूल होते. जमाव हजाराच्या वर. परंतु वस्तीतल्या एका मुसलमान गृहस्थाने आपल्या घराचा दरवाजा उघडला, त्यांना आत घेतले आणि पोलीस येईपर्यंत ठेवले. पोलीस आले, त्यांनी जमावाला तोंड दिले आणि ते कुटुंब जिवंत वाचले. अफवा तीच, तारीख तीच. एका ठिकाणी पाच प्रेते, दुसऱ्या ठिकाणी एक उघडा दरवाजा.

आणि हे कोणते मालेगाव? तर ज्या मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये स्फोट झाले, आणि त्याबद्दल तिथल्याच मुसलमान तरुणांना पकडून सुमारे पाच वर्षे तुरुंगात ठेवले, व २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. पोलिसांवर विश्वास ठेवू नये असे म्हणायला मालेगावकरांइतका अधिकार कोणाचा असेल? तरी त्या रात्री त्या गृहस्थाचा दरवाजा आणि पोलिसांची फळी, दोन्ही एकत्र आली म्हणून पाच जीव वाचले. दोहोंपैकी एकही गोष्ट एकटी पुरली नसती.

आपल्या दीनमध्ये याविषयी संदिग्धता नाही. सूरा हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी तिची खातरजमा करा, अशी आज्ञा आहे, कारण न कळत तुम्ही कोणाचे तरी नुकसान कराल. हे खुत्ब्यात ऐकताना आपण माना डोलावतो आणि बाहेर येताच, चपला घालता घालता, मोबाईलवर आलेला निरोप पन्नास जणांना पाठवतो. विद्यार्थी मित्रांनो, घरात हे यंत्र तुम्हाला सर्वांत चांगले येते. तेव्हा ही जबाबदारी वडिलांपेक्षा तुमची अधिक आहे.

हा रोग फक्त आपल्या देशाचा आहे असे समजू नका. अमेरिकेत १९५८ साली जवळजवळ तीनचतुर्थांश लोक सांगत की आमचे सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील. अलीकडच्या पाहण्यांत असे म्हणणारे पाचात एक सापडतात. आणि त्याच अमेरिकेने १९४२ साली भीतीपोटी आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरादारातून उठवून छावण्यांत कोंडले होते. त्यांतले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. मात्र त्या लोकांनी पुढे काय केले हे पाहण्यासारखे आहे. ते गप्प राहिले नाहीत आणि देशाला शिव्या देत बसले नाहीत. त्यांच्या मुलांनी वकिली शिकली, जुनी कागदपत्रे उकरून काढली, खटले पुन्हा उघडले, चौकशी आयोग नेमायला लावला. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. ४६ वर्षे लागली.

येथे कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर मुंबईची एक गोष्ट ऐका. त्या दंगलीत १६८ माणसे बेपत्ता झाली होती. त्यांतील ६० जणांच्या वारसांना सरकारी भरपाई मिळाली. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना मिळाली नाही, कारण कोणाचे पत्ते सापडले नाहीत आणि कोणाच्या कागदांची पूर्तता झाली नाही. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या वारसांना शोधा आणि व्याजासह रक्कम द्या. कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडले, असेही न्यायालय म्हणाले. तीस वर्षांचा हा विलंब सरकारला शोभणारा नाही. विश्वास हा नागरिकाने बिनव्याजी द्यायचा नसतो, तो राज्याने कमवायचा असतो. पण विचार करा, त्या १०८ घरांपैकी काही घरांत तरी कचेरीच्या भीतीने अर्जच अर्धा राहिला असेल की नाही?

भीतीने आपल्याला आणखी एक गोष्ट करायला लावली. आपण एकत्र येऊन राहू लागलो. १९९३ नंतर मुंबईतून किती कुटुंबे मुंब्र्याला गेली ते तुम्ही जाणता; खाडीकाठचे ते लहान गाव आज काही लाखांचे झाले आहे. जीव वाचवण्यासाठी गेलेल्यांना मी दोष देत नाही. घर भाड्याने मिळत नाही हे दुःखही खोटे नाही. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हे सर्व नोंदवले आहे: असुरक्षिततेमुळे वस्त्या वेगळ्या होतात, वस्त्या वेगळ्या झाल्या की बँक कर्जाला हात आखडते, नागरी सोयी मागे पडतात, आणि शाळा लांब असेल तर पहिल्यांदा मुलीचे नाव काढले जाते. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के, मुसलमानांची ५९.१ टक्के होती. भिंत बांधली ती चोरासाठी, पण आत कोंडली गेली आपली लेक. स्टेशनपलीकडच्या कॉलेजात आपल्या चार मुली एकत्र जाऊ लागल्या तर पाचवीचा बाप नाही म्हणणार नाही. ही व्यवस्था पालकांनी आपापसात बसून करायची आहे, तिला सरकारची परवानगी लागत नाही.

आता शिक्षकांना माझी विनंती. नववी-दहावीच्या मुलांना नागरिकशास्त्र आपण परीक्षेपुरते शिकवतो. त्याऐवजी त्यांना पोलीस ठाण्यात घेऊन जा. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे घटनेचे २२ वे कलम सांगते. फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. साक्षीच्या चौकशीसाठी स्त्रियांना आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. १ जुलै २०२४ पासून कायद्याची नावे व कलमांचे आकडे बदलले आहेत, पण हे हक्क कायम आहेत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दलालाला आपण एका दाखल्यासाठी किती देतो? त्याच्या एका अंशात हा अर्ज होतो.

मुलांना अर्ज लिहायला शिकवा, आणि तो मराठीत लिहायला शिकवा. उर्दू आपली लाडकी आहे, ती सुटता कामा नये. पण तालुक्याच्या कचेरीची भाषा मराठी आहे, ठाण्याच्या दैनंदिनीची भाषा मराठी आहे, शेजारणीच्या सुखदुःखाची भाषा मराठी आहे. ज्याला समोरच्याची भाषा येत नाही त्याला समोरचा नेहमी आपल्याविरुद्धच कुजबुजतो आहे असे वाटते.

पालकांपैकी ज्यांची मुले बारावी झाली आहेत त्यांनी पोलीस भरतीचा अर्ज एकदा भरून पाहावा. दौड, उंची, लेखी परीक्षा, सर्व नियम जाहीर असतात. नापास झाला तर पुढच्या वेळी भरील. परंतु अर्जच न भरता "आपल्याला घेत नाहीत" असे म्हणणे बंद झाले पाहिजे.

शेवटी विश्वस्तांना एक सूचना करतो आणि बसतो. आपले हे सभागृह महिन्यातले अनेक दिवस रिकामे असते. त्यातला एक रविवार मोहल्ल्यासाठी द्या. आपल्या गल्लीचे चार, पलीकडच्या गल्लीचे चार, त्यांत निम्म्या बायका असाव्यात, आणि या भागाचा बीटचा हवालदार. विषय गटाराचा घ्या, तो येथे कधी संपणार नाही. चहाचा खर्च फार होत नाही. पहिल्या बैठकीचे निमंत्रण घेऊन पलीकडच्या गल्लीत कोणी जायचे एवढेच आज, ही सभा उठण्यापूर्वी, ठरवून घ्या.